पोलादाचं पाणी, नळाचं पाणी : एका नाजूक मानेचं प्रकरण

माझ्या भाच्याचा गळा चार वर्षं लाल होता. वय 27, नोकरी इंदूरच्या विजय नगरात संगणकापुढे, राहायला बायपासच्या बाजूच्या नव्या वस्तीत दोन मित्रांबरोबर फ्लॅट. दाढी दाट, केस जाड आणि किंचित कुरळे, कातडी मात्र आजीवर गेलेली, पातळ. पाच पात्यांच्या रेझरनं एक दिवसाआड दाढी करायचा. तासाभरात गळ्यावर आग, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या, आणि त्यातल्या काहींत केस आतल्या आत वळलेला स्पष्ट दिसायचा. शर्टाची कॉलर लागली तरी मान तिरकी करून बसायचा.

त्यानं स्वतःच्या मनानं उपाय करून पाहिले होते. त्यातला एक वाईट होता. औषधाच्या दुकानातून कुणीतरी हातात दिलेली मलमाची ट्यूब तो चार-पाच महिने लावत होता. लावली की लाली जायची, सोडली की दुप्पट यायची. त्वचेच्या डॉक्टरांनी ती ट्यूब बघून आधी तीच बंद केली. त्यात स्टेरॉइड होतं, आणि ते चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळलं की कातडी आणखी पातळ होते. मग त्यांनी गळा तपासून सांगितलं की हा संसर्ग नाही, कापलेला केस परत कातडीत शिरतोय. जमलं तर दाढी वाढवा. नाही तर एका पात्यानं करा, आणि गुळगुळीत करण्याचा हट्ट सोडा.

दाढी वाढवणं त्याला नको होतं. ‘खाजतं मामा, आणि आई रोज फोनवर विचारते की तब्येत बरी आहे ना.’ म्हणून तो माझ्याकडे आला. मी गेली पंधरा वर्षं वस्तऱ्यानं दाढी करतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेकांना ते खूळ वाटतं.

वस्तरा हे औषध नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. हिशेब एवढाच की पाच पात्यांचा रेझर एका जागेवरून तीनदा फिरवला तर कातडीवरून पंधरा धारा जातात. शिवाय पुढचं पातं केस ओढून धरतं आणि मागचं तो कापतं, त्यामुळे तुटलेलं टोक कातडीच्या पातळीखाली सरकतं. सरळ केस निमूट वर येतो. कुरळा केस वर येताना वळतो आणि भिंतीत घुसतो. वस्तऱ्याची धार एक असते. किती वेळा आणि कोणत्या दिशेनं फिरवायची ते आपल्या हातात असतं, आणि घाई केली तर लगेच कळतं.

अर्धं ब्लेड बसवायचा, न्हाव्याच्या दुकानात दिसतो तसला वस्तरा आणू का, असं त्यानं विचारलं. स्वस्त, धार लावायची भानगड नाही. मी नको म्हटलं. ते पातं हलकं, त्यामुळे हात नकळत दाबतो. ब्लेडची टोकं टोकदार असतात आणि नवशिक्याची चूक ते अजिबात सोसत नाही. सरावलेल्या कारागिराच्या हातात ते उत्तम, आणि एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीतीही नाही. पण नाजूक कातडीवर शिकायला जड, जाड पाठीचं पातं बरं. ते स्वतःच्या वजनानं चालतं.

असं पातं घरातच होतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराचा माळा मे महिन्यात आवरला, तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्यात माझ्या वडिलांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा वस्तरा निघाला. शिंगाची मूठ, शेपटाजवळ सोलिंगेनचा, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाचा शिक्का. वडील गेल्यावर आईनं तो शिवण उसवायला घेतला होता. इतकं छान उसवायचं हत्यार तिला नंतर कधी मिळालं नाही, असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. हा आठात पाच, म्हणजे शिकायला सोयीचा. पात्याचे दोन्ही गाल आत खोदलेले, त्यामुळे धार कागदासारखी पातळ आणि पाठ जाड. पाठीजवळ गंजाचे काळे ठिपके होते, ते चालतात. गंज धारेपर्यंत गेला असता आणि तिथे खड्डे पडले असते तर मी वस्तरा भिंतीवर टांगायला सांगितलं असतं. धारेला टोकाजवळ दोन बारीक दाते पडले होते. दोऱ्यांची आणि बहुधा एखाद्या हुकाची ती करणी.

इथे प्रकरण सुरू होण्याआधीच संपणार होतं. मी गावाला गेलो असताना भाचा उत्साहानं वस्तरा घेऊन सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे निघाला होता. मामीनं अडवलं. कात्री-सुरीला ते चाक ठीक आहे. पण पोलादाला तापवून-निववून जे पाणी, म्हणजे कडकपणा, दिलेलं असतं ते साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास बेतलेलं असतं. कोरड्या चाकावर कागदी धार क्षणात त्याच्या वर तापते, निळसर डाग पडतो आणि पाणी उतरतं. मग ती धार कितीही घासा, टिकत नाही.

मी ती दगडावर लावली. वस्तऱ्याची गंमत अशी की कोन आपण ठरवायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही एकदम सपाट दगडाला टेकवून सरकवायची, पाठीची जाडीच कोन ठरवते. 1000 अंकाच्या ओल्या दगडावर दाते जाईपर्यंत, मग 4000, मग 8000; अंक वाढेल तसा दगड बारीक. दोन रविवार गेले. डोक्याचा एक केस धरून धारेवर सोडला आणि तो आवाज न करता तुटला तेव्हा थांबलो. मूठ शिंगाची, म्हणून उकळत्या पाण्यात घातला नाही. पातं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. आणि घरात नियम केला : हा वस्तरा आता एकाच चेहऱ्याचा. माझाही नाही.

चमोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, वस्तरा फिरवायला मी स्वतः शिकवलं नाही. माझा मनगटाचा झोक मलाच समजावून सांगता येत नाही. रामबागेकडे एक वयस्कर कारागीर आहेत. ते आता गिऱ्हाइकाला अर्ध्या ब्लेडनंच दाढी करतात, पण खुर्चीच्या हाताला जुना चमोटा अजून लटकतो. त्यांनी भाच्याकडे बघून एवढंच सांगितलं, ‘भिया, पहले तीन दिन चमोटे पे। मुँह पे नहीं।’ पाठ पुढे, धार मागे, शेवटाला आल्यावर पातं पाठीवरच उलटवायचं. धार उचलून उलटवली की चमोटा कापला जातो. दुसऱ्याच दिवशी भाच्यानं तो कापला. अंगठ्याच्या पेराएवढा काप, तिरका. बारीक पॉलिश कागदानं कडा घासून बसवला. आजही त्या जागी पातं हलकंसं अडखळतं आणि तो मान डोलावतो.

धार लावणं आणि चमोट्यावर फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवीन माणसाला पटायला वेळ लागतो. दगड पोलाद खातो, नवी धार घडवतो. चमोटा फक्त वाकलेली कड सरळ करतो. दगड काही महिन्यांतून एकदा, चमोटा प्रत्येक दाढीआधी : आधी जाड कापडावर 20-25 फेऱ्या, मग चामड्यावर 40-50.

जुलैच्या पहिल्या रविवारी दाढीला हात घातला. त्याआधी दोन दिवस त्यानं खुंट वाढू दिले आणि आम्ही बोटं फिरवून केसांची दिशा शोधली. बोट ज्या दिशेला अडतं ती उलटी. गाल सरळ निघाले, वरून खाली. डाव्या गळ्याचे केसही खाली. उजव्या जबड्याखाली मात्र भोवरा होता, केस आडवे, कानाकडे झुकलेले, आणि कंठमण्याच्या बाजूला चक्क खालून वर. गेली चार वर्षं हा मुलगा संपूर्ण गळा खालून वर ओढत होता. म्हणजे एका बोटाएवढ्या जागेत सरळ हात आणि बाकी सगळीकडे उलटा. मी कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून बाण घातले आणि ते आरशाशेजारी चिकटवलं.

पहिला आठवडा फक्त गाल, उरलेलं एका ब्लेडच्या साध्या रेझरनं. दुसऱ्या आठवड्यात जबडा. गळा तिसऱ्यात, हनुवटी सगळ्यात शेवटी. पातं कातडीवर झोपवायचं आणि पाठ अशी उचलायची की कातडी आणि पाठ यांत पाठीच्याच जाडीच्या दुप्पट फट राहील. साधारण 30 अंश. त्यापेक्षा उभं केलं की पातं खरवडतं, झोपवलं की केस ओढतं. जोर शून्य. ‘शून्य म्हणजे किती?’ असं त्यानं विचारलं तेव्हा मी त्याला फुग्यावर फेस लावून दिला. तीन फुगे फुटले. चौथा वाचला.

एक पेच मात्र वस्तऱ्याच्या कुठल्याच सर्वसाधारण सल्ल्यात बसत नव्हता. वस्तऱ्याला कातडी ताणून धरावी लागते, सैल कातडीवर पातं अडकतं. पण ज्याचा केस आत शिरतो त्याची कातडी ताणून कापलं, की सोडल्यावर केसाचं टोक आत जातं. म्हणजे हत्याराला जे हवं तेच दुखण्याला नको. आम्ही तडजोड केली : गालांवर नीट ताण, गळ्यावर फक्त सुरकुती जाईल एवढाच, आणि गळ्यावर एकच हात, केसांच्या दिशेनं. नंतर हात फिरवला तर खरखर लागेल. लागू दे. हे पाळणं त्याला हनुवटीपेक्षा जड गेलं, कारण खरखर लागली की त्याचा हात आपोआप परत वर जायचा.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी मी औषध म्हणून कमी आणि परीक्षक म्हणून जास्त वापरतो. जिथे पातं जास्त घासलं तिथे ती झोंबते, अर्ध्या मिनिटात धुऊन टाकायची. भाचा वहीत चेहऱ्याच्या सहा भागांना 0 ते 3 गुण लिहायचा, 0 म्हणजे काही कळलं नाही आणि 3 म्हणजे डोळ्यात पाणी. शेजारी दुसऱ्या सकाळच्या पुळ्यांची संख्या. संगणकवाला असल्यामुळे वही त्यानं नेमानं ठेवली. माझी या प्रकरणातली सगळी समज त्या वहीची आहे.

आता आमच्या चुका.

ऑगस्टअखेर गाल शांत झाले होते. हनुवटीवर एकदा कापलं, रक्त लवकर थांबलं, तो विषय तिथेच संपला. गळा मात्र हलेना. मी म्हटलं, धार. 8000च्या दगडावर दोनदा पुन्हा फिरवली. मग म्हटलं, साबण. चंदनाचा वास आणि थंडावा देणारा साबण काढून बिनवासाचा आणला. कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहिला, काही उठलं नाही. त्याच आठवड्यात ब्रशही बदलला, डुकराच्या राठ केसांचा काढून मऊ कृत्रिम तंतूंचा दिला. दोन बदल एकदम करायचे नसतात हे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको, पण केले. थोडा फरक पडला आणि तो साबणाचा की ब्रशचा हे आजही कळलेलं नाही. मध्ये एकदा त्यानं वस्तरा ओला तसाच वॉशबेसिनवर ठेवला. पावसाळा, सकाळी धारेवर तांबूस रेघ. ती दगडावर काढली आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी पातं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लागतो.

अनंत चतुर्दशीला तो झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला आमच्याकडे मुक्कामाला आला. मिरवणुकीला निघायला अवकाश होता म्हणून आम्ही वही उघडली. पानं उलटताना गळ्याच्या रकान्यात एक ठोका ऐकू यायला लागला : 3, 2, 3, मग 1. 2, 3, 2, मग 0. तो 1 आणि 0 प्रत्येक वेळी रविवारचा. रविवारी तो इथे, आमच्या न्हाणीघरात दाढी करायचा.

‘रविवारी तू शेजारी उभा असतोस ना,’ तो म्हणाला. मलाही ते पटलं. घाई नसते, ऑफिसची बस नसते.

मामी पोहे परतत होती. तिनं वळूनही न बघता विचारलं, ‘तुमच्याकडे पाणी कसलं रे? तुझे शर्ट इथे धुवायला टाकतोस ना, ते पापडासारखे कडक असतात. कॉलरीवर पांढरट थर असतो.’

त्यांच्या वस्तीत नर्मदेची लाइन नाही. बोरिंग, आणि उन्हाळ्यात टँकर. आमच्याकडे एक दिवसाआड नर्मदा येते, जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून उपसून आणलेली. 1978 साली ती पहिल्यांदा शहरात आली. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं बोरिंगचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. साबणातली मेदाम्लं या दोघांशी जुळून न विरघळणारा साका करतात. फेस व्हायच्या आधीच साबण खर्ची पडतो, आणि तो चिकट साका कातडीवर बसतो. शाळेत अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायला शिकवलं होतं. शब्दातच सगळं निदान आहे, आणि मी तो पाठ करून पेपरात लिहून विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या घेतल्या. एकीत नर्मदेचं, दुसरीत फ्लॅटवरून आणवलेलं पाणी, सारखंच. दोन्हींत सारखा किसलेला दाढीचा साबण. वीस वेळा हलवल्या. पहिलीत चार बोटं फेस, अर्ध्या तासानंतरही उभा. दुसरीत फाटलेल्या दुधासारखं गढूळ, वर पातळ साय, आणि फेस बघता बघता बसला. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस हा मुलगा फेसाच्या भासावर पातं फिरवत होता. गालाचे केस मऊ, तिथे निभावलं. गळ्याला फेस लागतो तो तिथेच नव्हता.

फेस म्हणजे देखावा नव्हे. केस पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. फेस ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पातं सरकवतो. चक्क्यासारखा घट्ट फेस दिसायला झकास, पण त्यात पाणी नसतं. घुसळलेल्या दह्यासारखा, ब्रशवरून जेमतेम ओघळेल असा हवा.

या वेळी मी एकच बदल करू दिला. पुढचे पंधरा दिवस तो इथून लिटरच्या बाटल्यांत नर्मदेचं पाणी फ्लॅटवर घेऊन गेला. साबण, ब्रश, धार, वेळ सगळं तेच, मी शेजारी नाही. सात दाढ्यांत गळ्याला पाच वेळा 0 किंवा 1. मग मुद्दाम तीन दाढ्या बोरिंगच्या पाण्यानं : 2, 3, 3. तिसरीनंतर तो फोनवर म्हणाला, ‘बस झालं, जळून राहिलंय. मान्य आहे.’ एका माणसाच्या एका मानेचा हा हिशेब आहे, आणि त्या काळात त्याचा हातही सुधारत होता, हे मला कबूल आहे. पण मागे जाऊन पुन्हा बिघडवता आलं, त्यामुळे माझा विश्वास बसला.

बाटल्या वाहणं कायमचं शक्य नव्हतं. स्वयंपाकघरातल्या आर.ओ. यंत्राचं अर्धा मग पाणी किटलीत कोमट करून पुरतं. त्यातच टॉवेलचा कोपरा भिजवून तीन मिनिटं गळ्यावर, त्यातच ब्रश. शेवटचं धुणं नळानं झालं तरी चालतं, मात्र नंतर एकदा त्या उरलेल्या पाण्याचा हबका. वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. त्याची आई खोबरेल लाव म्हणते, पण पुळ्या येणाऱ्या गळ्यावर तेल छिद्रं बुजवू शकतं, म्हणून ते वस्तऱ्याच्या मुठीला लागतं.

त्याच्या ऑफिसातले दोघेजण हे ऐकून माझ्याकडे आले होते. एकाला मी परत पाठवलं. त्याच्या छातीवर जुन्या जखमेचा वण फुगून वाढलेला होता. अशा माणसाला गळ्यावर काप पडणं परवडणारं नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, चेहऱ्यावर पू धरलेले मुरूम असतील किंवा हात कापत असेल, तरी मी नाहीच म्हणेन.

दिवाळीनंतरची स्थिती अशी. तो दोन दिवसांआड दाढी करतो. गालांवर दोन हात, दुसरा आडवा. गळ्यावर एक. पहिल्या दाढीला 50 मिनिटं लागली होती, आता 20-22. सोमवारी मीटिंग असेल तर वस्तऱ्याला हात लावत नाही, साधा रेझर घेतो. गळ्याची लाली गेली, जुने डाग फिकट होताहेत. उजव्या जबड्याखालच्या भोवऱ्यात मात्र दोन-तीन पुळ्या अजून येतात. तिथे पातं आडवं धरायला डाव्या हातानं दाढी करावी लागते आणि तो हात अजून बिचकतो. सध्या ती जागा तो मशीननं आखूड करतो आणि सोडून देतो.

मार्च-एप्रिलमध्ये बोरिंगची पातळी खाली जाईल आणि फ्लॅटवर टँकर सुरू होतील. टँकर कुठल्या विहिरीचा ते कुणी सांगत नाही. आर.ओ.चं फिल्टर त्याआधी बदलायचं ठरलंय, आणि मामीनं एक रिकामी बाटली साबणाच्या किसासकट त्याच्या पिशवीत घातली आहे.